आरशाची बैठक

कवितेचं रसग्रहण करताना आपण एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: हा शब्द इथेच का? एक ओळ अलीकडे का नाही? जुन्या पिकअप ट्रकच्या दारावर नवा आरसा बसवणाऱ्यालाही तोच प्रश्न पडतो. आरसा इथेच का, बोटभर पुढे का नाही? त्याच्या उत्तराने पत्र्याला कायमचं भोक पडणार असतं, म्हणून तो या प्रश्नापाशी अधिक वेळ थांबतो. मला हे थांबणं बघायला आवडतं. बाजूच्या आरशाचं सारं कसब त्याच्या काचेत आहे असं आपण धरून चालतो. माझ्या मते ते त्याच्या बैठकीत आहे, म्हणजे तो दाराला जिथे आणि जसा धरलेला असतो तिथे.

मी वाचायला घेतलेला ट्रक म्हणजे शेवरलेटचा सी-१०, १९६७ ते १९७२ या काळातला. अमेरिकेत जुन्या पिकअपचा शौक असलेल्या माणसाला ही पिढी लांबूनही ओळखू येते. कंपनीने तिला ‘अ‍ॅक्शन लाइन’ असं नाव दिलं होतं. ‘सी’ म्हणजे इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना; चारही चाकांना जोर मिळणारा तो ‘के’. दहाचा आकडा अर्ध्या टनाच्या वर्गाचा. खिडक्यांच्या काचा प्रशस्त, दाराच्या पुढच्या कोपऱ्यात वाऱ्यासाठी उघडणारी छोटी तिकोनी काच, आणि बाजूने लांबवर गेलेली पत्र्याची आडवी घडी. आठवडाभर हौद्यात गवताच्या गासड्या वाहायच्या आणि रविवारी तीच गाडी पुसून चर्चला न्यायची, अशा घरांची ही गाडी.

लांब हौद्याच्या सी-१०च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत १२७ इंचांचं अंतर आहे, आखूड हौद्याच्या गाडीत ११५ इंचांचं. लांब हौदा आठ फुटांचा. त्यात गासड्या रचल्या की कॅबमधल्या आरशात फक्त गवत दिसतं. १९६७ सालच्या पुष्कळ गाड्यांना तर कॅबची मागची काचही लहानच मिळाली होती. मग मागच्या रस्त्याचा सगळा भार दाराबाहेरच्या एका काचेवर येतो. एकाच, कारण उजव्या, म्हणजे चालकाच्या पलीकडच्या दारावरचा आरसा त्या काळी जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होती, आणि कामाच्या गाडीवर असे पैसे फार जण मोजत नसत.

आज पन्नासहून अधिक वर्षांनी तो आरसा हातात घेतला तर काय दिसतं? काचेच्या कडेने काळी नक्षी चढलेली असते. चकाकीचा थर काचेच्या पाठीवर असतो आणि त्यावर रंगाचं पांघरूण. कडेकडून ओल आत शिरते, थर सुटतो, आणि काळेपणा दर पावसाळ्या-हिवाळ्याला मध्याकडे सरकतो. काचेभोवतीच्या क्रोमवर पुटकुळ्या आलेल्या असतात. हे सुटे भाग बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. त्यावर तांबं, मग निकेल, मग क्रोमचा अगदी पातळ थर. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी क्रोमच्या बारीक छिद्रांतून आत गेलं की जस्त आतून फुगतं. असा भाग पुन्हा क्रोम करायचा तर खड्डे जाईपर्यंत घासावा लागतो, आणि तेवढ्यात त्याच्या कडांची धार जाते. म्हणून जाणते कारागीरही इथे डागडुजीचा हट्ट धरत नाहीत. जुन्या साठ्यातला न वापरलेला मूळ आरसा मिळाला तर उत्तम. नाहीतर त्याच घडणीचा नवा.

आता हा नवा आरसा ओळीने वाचू.

पहिली ओळ काच. चालकाच्या बाजूची काच सपाट, आणि ती सपाटच असावी हा अमेरिकेतला नियम आहे. सपाट आरशात मागची गाडी जेवढी लांब आहे तेवढीच लांब भासते. रस्ता बदलावा की थांबावं हे ठरवताना डोळ्याला एवढाच प्रामाणिकपणा हवा असतो. छोट्या ट्रकसाठी तिथला आजचा नियम दोन वाटा ठेवतो. एकतर दोन्ही बाजूंना सपाट आरसे लावा, प्रत्येकी किमान १२६ चौरस सेंटिमीटरचे, म्हणजे साधारण ९ बाय १४ सेंटिमीटर. नाहीतर मोटारींची पद्धत धरा: चालकाकडे सपाट, पलीकडे बहिर्वक्र. या बहिर्वक्र काचेची वक्रतेची त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटरच्या आत हवी, आणि दिसतं त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत असा इशारा तिच्यावर ४.८ ते ६.४ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत कोरलेला हवा. आपल्याकडच्या मोटारींच्या आरशांवरही ही इंग्रजी ओळ आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत.

इशारा किती खरा आहे ते हिशेबाने बघण्यासारखं आहे. काचेची त्रिज्या १४०० मिलिमीटर धरा, मागची गाडी आरशापासून १४ मीटरवर आणि आपला डोळा दीड मीटरवर. सपाट काचेत ती गाडी जेवढी दिसली असती, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश आकाराची ती इथे दिसते. मन लहान आकाराचा अर्थ ‘अजून लांब आहे’ असा लावतं. बदल्यात काच रुंद पट्टा दाखवते. म्हणजे एकीकडे अंतराचा खरेपणा, दुसरीकडे दृश्याची रुंदी, आणि एका काचेला दोन्ही जमत नाहीत. ही निवड या गाडीच्या मालकाला करावीच लागते, तिच्याकडे मी पुन्हा येईन.

दुसरी ओळ घुंडी. काचेच्या डोक्यामागे एक गोल घुंडी असते, ती खोबणीत बसते, आणि स्प्रिंगच्या दाबाने तिथे अडून राहते. हाताने ढकललं तर फिरली पाहिजे, वाऱ्याने ढकललं तर हलता कामा नये. ताशी शंभर किलोमीटरला काचेवर येणारा वारा काही थोडा नसतो, आणि दार आपटणारा पाहुणा वाऱ्याहून वाईट. नवा आरसा विकत घेताना मी आधी काच बघत नाही, घुंडी फिरवून बघतो. ती फार सहज फिरली तर तो आरसा महिन्याभरात मान टाकणार हे समजावं.

तिसरी ओळ दांडा, आणि इथे मला जास्त रेंगाळायचं आहे. आरसा दारापासून बाहेर का काढायचा? कारण हौद्याची बाजू कॅबइतकीच रुंद आहे; आरसा पत्र्याला चिकटला तर त्यात पत्राच दिसेल. म्हणून दांडा हवा. पण एका टोकाला धरलेल्या दांड्याचा स्वभाव असा, की त्याची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने त्याचं मोकळं टोक आठपट वाकतं. लांबीचा घन होतो. त्यामुळे दोन इंच जास्त दिसावं म्हणून दांडा वाढवला की इंजिनची थरथर काचेवर उतरते आणि मागच्या गाडीचे दोन दिवे चार होतात. मोठ्या ट्रकवरचे उभट ‘वेस्ट कोस्ट’ आरसे यावर उपाय म्हणून दाराला वर आणि खाली, दोन्हीकडे टेकवलेल्या चौकटीत बसवतात. ती चौकट त्रिकोणाच्या बळावर उभी असते, म्हणून हलत नाही. अवजड ओढगाडी लावणाऱ्याने तेच घ्यावेत. पण सी-१०च्या स्वच्छ बाजूवर ती चौकट मला खटकते. आखूड दांड्याचा लहान क्रोम आरसा जेवढं दाखवतो तेवढं ठामपणे दाखवतो, आणि दाराची रेघ मोडत नाही. माझं मत त्याच्याच बाजूने आहे.

एलियट अर्विट या छायाचित्रकाराचं १९५०च्या दशकाच्या मध्यावरचं एक प्रसिद्ध कृष्णधवल छायाचित्र आहे, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं. मोटारीच्या बाजूचा गोल आरसा, त्यात हसणारी तरुणी आणि तिच्याकडे झुकलेला तरुण, आणि आरशाच्या पलीकडे समुद्र. चुंबनाचं चित्र म्हणून ते जगभर गाजलं. मी ते पाहतो तेव्हा मला दांड्याचे आभार मानावेसे वाटतात. आरसा गाडीच्या अंगापासून सुटून बाहेर उभा आहे म्हणून त्याच्या मागे मोकळा समुद्र येऊ शकला. गाडीतलं जग आणि गाडीबाहेरचं जग एका चौकटीत शेजारी शेजारी आलं ते त्या थोड्याशा अंतरामुळे.

या दांड्याचा इतिहासही थरथरीचाच आहे. १९०९ मध्ये डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी ‘द वूमन अँड द कार’ या पुस्तकात बायकांना सल्ला दिला, की सोबत छोटा हातआरसा ठेवा आणि मागचं बघायचं असेल तेव्हा तो वर धरा. त्या आरशाला बैठकच नव्हती, हात हीच बैठक. दोनच वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाच्या शेजारी मेकॅनिक बसायचा, आणि मागून कोण येतंय ते सांगणं हे त्याच्या कामांपैकी एक होतं. रे हॅरून याची मार्मन वॉस्प गाडी मात्र एकच माणूस बसेल एवढी अरुंद. मागचं न बघता हा माणूस इतरांना धोका आहे, अशी स्पर्धकांनी हरकत घेतली. हॅरूनने समोर चार उभ्या दांड्यांवर एक आरसा चढवला आणि ताशी सरासरी ७४.६ मैलांच्या वेगाने शर्यत जिंकली. ती पिवळी गाडी आजही इंडियानापोलिसच्या संग्रहालयात आहे. पण पुढे त्यानेच सांगितलं, की विटांच्या धावपट्टीवर आरसा एवढा हादरत होता की त्यात धड काही दिसलंच नाही. चार दांडे असूनही बैठक कमी पडली होती.

त्या शेजारच्या मेकॅनिकला आपण मराठी माणसं नीट ओळखतो. घाटात मालट्रक मागे घेताना डाव्या बाजूला दारावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा क्लीनर तोच. आरशाने त्याची जागा घेतली असं म्हणणं सोपं आहे. पण थाप थांबली की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो, इतका त्यांच्यातला भरवसा पक्का असतो. दोन स्क्रूंवर उभ्या असलेल्या काचेवर तेवढाच भरवसा टाकायचा तर ते स्क्रूही तेवढेच पक्के हवेत.

म्हणून चौथी ओळ, बैठक. मी जवळून पाहिलेलं काम ओहायोतल्या एका शेजाऱ्याच्या गॅरेजातलं. नवरा-बायको दोघंही निवृत्त, गाडी लांब हौद्याची. डाव्या दाराला जुन्या आरशाची भोकं होती, पण नव्या आरशाच्या बैठकीची भोकं त्यांच्याशी जुळत नव्हती. अशा वेळी जुनं भोक कानशीने ओढून लांब करायचा मोह होतो. त्याने तसं केलं नाही. त्याने आधी बायकोला चालकाच्या जागी बसवलं.

मला हे फार आवडलं. आरशाचं पहिलं माप पत्र्यावर घेतलंच नाही, ते डोळ्यावर घेतलं. सीट नेहमीच्या जागी, पाठ टेकलेली, हात स्टिअरिंगवर. तो बाहेर उभा राहून आरसा हातात धरून सरकवत होता. ‘अजून खाली. थोडा पुढे. नको, आता तिकोनी काचेची पट्टी मध्ये येते.’ त्या कोपऱ्यातल्या काचेच्या उभ्या पट्टीमागे आरसा गेला की त्याचा मधला भागच झाकला जातो, हे आतून बसल्याशिवाय कळत नाही. मग तो स्वतः बसला आणि तिने बाहेरून आरसा धरला. दोघांच्या उंचीत चांगलं वीतभर अंतर. दोघांनाही फक्त घुंडी फिरवून काम भागेल अशी एकच जागा सापडेपर्यंत त्यांनी दारावर पेन्सिल टेकवली नाही.

जागा ठरल्यावर त्याने तिथे मास्किंग टेपचे दोन थर लावले. टेपवर खूण स्पष्ट उमटते, ड्रिलचं टोक घसरत नाही, आणि रंगाचे टवके उडत नाहीत. मग खिडकीची काच पूर्ण वर चढवली. काच खाली असली की ती दाराच्या पोटात असते, आणि बाहेरून आत गेलेलं ड्रिल थेट तिच्यावर जाऊ शकतं. नंतर सेंटर पंचचा एक हलका ठोका, आधी बारीक भोक, मग हवं तेवढं मोठं. ड्रिलवर जोर अगदी थोडा, नाहीतर पत्रा आत दबतो. भोकाच्या कडेचा कंगोरा कानशीने काढला. लोखंडाचा सगळा कीस ओल्या फडक्याने टिपून घेतला, कारण तो रंगावर राहिला तर पहिल्याच दवात त्याचे तांबूस ठिपके पडतात. आणि मग त्याने एका बारीक ब्रशने भोकांच्या उघड्या कडांना प्रायमर लावला. ही कड पुढे कुणालाही दिसणार नव्हती. तिच्यावर रबराची गादी येणार, गादीवर बैठक येणार. तरीही त्याने वाळेपर्यंत वाट बघितली, दुसरा हात दिला आणि पुन्हा वाट बघितली. दाराचा गंज बहुतेक वेळा अशाच झाकलेल्या कडेपासून सुरू होतो.

रबराच्या गादीची कामं तीन: पाणी आत जाऊ न देणं, धातूने धातूला न घासणं, आणि थरथरीतला थोडा वाटा स्वतः सोसणं. गादीवर आधी बैठकीची पट्टी, ती दोन स्क्रूंनी दाराला. पत्रा एवढा पातळ की त्यात स्क्रूचे आटे फार धरत नाहीत. आत नट बसवलेली भोकं असतील तर उत्तम. स्क्रू एकदम घट्ट करायचा नाही. एक थोडा, मग दुसरा थोडा, पुन्हा पहिला. जास्त आवळला की पत्र्याला खळगा पडतो, आणि तो उजेडात लांबून दिसतो. मग आरशाचं बूड त्या पट्टीवर सरकवायचं आणि खालच्या बाजूने एक छोटा ग्रब स्क्रू अ‍ॅलन कीने आवळायचा. बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. आरसा दारातून उगवल्यासारखा उभा राहतो.

उजव्या दाराला मुळात भोकंच नव्हती. त्याने डाव्या दारावर कागद ठेवून कडा आणि भोकं गिरवली, कागद उलटा केला आणि उजव्या दारावर लावला. गाडीच्या समोर उभं राहिलं की दोन्ही आरसे अगदी एकसारखे. पण गाडीचा चालक मध्यभागी बसत नाही. डावा आरसा त्याच्या डोळ्यापासून सुमारे पाऊण मीटरवर, तर उजवा दीड मीटरच्या आसपास. चौदा सेंटिमीटर रुंदीची सपाट काच डावीकडे, दहा मीटर मागे साधारण दोन मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. तीच काच उजवीकडे जेमतेम एक मीटर. बैठक एकसारखी ठेवली तरी दृष्टी एकसारखी येत नाही. काच कशी वळवायची हेही दोन्हीकडे निराळं. अमेरिकी अभियंता जॉर्ज प्लॅट्झर याने १९९५ मध्ये मांडलेली रीत त्या जोडप्याने वापरली: डोकं डाव्या खिडकीला टेकवायचं आणि डाव्या आरशात आपल्या गाडीची बाजू नुकती दिसेल इतका तो बाहेर वळवायचा, मग डोकं कॅबच्या मध्यावर आणून उजव्याचं तसंच. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही, आणि तेवढी जागा शेजारच्या लेनला मिळते. पहिले काही मैल चुकल्यासारखं वाटतं, कारण आपल्या गाडीची कड दिसली की माणसाला धीर येतो. ती सवय सोडण्याजोगी आहे.

उजव्या काचेवरून मात्र दोघांत मतभेद झाला. त्याला १९७०च्या आसपासची गाडी जशी असेल तशी, दोन्हीकडे सपाट काच हवी होती. तिचं म्हणणं असं, की उजवीकडे एक मीटरचा पट्टा बघून ती हमरस्त्यावर लेन बदलणार नाही. तिने बहिर्वक्र काच मागवली. त्याच क्रोमच्या डोक्यात ती बसली आणि तिच्यावर तो बारीक अक्षरांचा इशाराही आला, जो या ट्रकने त्याच्या तरुणपणी कधी पाहिला नव्हता. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात एखादा परीक्षक यावर बोट ठेवेल. मला तिची निवड पटली. बैठक जुनी, घडण जुनी, दाराची रेघ शाबूत, आणि काच मात्र आजच्या रस्त्याला, आजच्या वेगाला जागणारी. चालकाच्या बाजूला सपाट काच राहिली, म्हणजे अंतराचा खरेपणाही गेला नाही.

नव्या रबराची गादी काही आठवड्यांत दबून बसते आणि तेवढ्याने स्क्रूची पकड सैल होते. त्यामुळे त्यानंतर एकदा ग्रब स्क्रू सोडून आरसा काढायचा, आतले दोन्ही स्क्रू पाव फेरा आवळायचे आणि आरसा पुन्हा चढवायचा. त्यांनी ते केलं तेव्हा डावीकडचा स्क्रू खरोखरच पाव फेरा फिरला. उजवीकडचा जागचा हलला नाही.